जुनं २५ एचपी आउटबोर्ड: रेस दिली की मरतं, बल्ब दाबला की जगतं

कर्लीकाठ

नमस्कार मंडळी. देवबागला आमची छोटी फायबर होडी आहे, तिच्या मागे लावलेलं, काकांनी घेतलेलं जुनं जपानी दोन-स्ट्रोक मशीन (आउटबोर्ड). २५ एचपी, दोन सिलिंडर, एकच कार्बोरेटर. कव्हरवरचं स्टिकर उन्हाने केव्हाच गेलं, त्यामुळे नेमकं साल विचारू नका, पण नव्वदच्या दशकातलं नक्की.

पावसाळ्यात उभं होतं. आता उतरवलं तर एक-दोन दोऱ्यांत चालू होतं. खाडीत हळू चालवलं तर चालतं, फक्त लडबडतं आणि धूर नेहमीपेक्षा जास्त. पूर्ण रेस दिली की पाच-सात मिनिटं पळतं, मग ताकद उतरत जाते आणि बंद. मागे बसून कुणी पेट्रोलच्या पाइपातला बल्ब (पेट्रोल पुढे ढकलायचा रबरी फुगा) दाबत राहिलं तर पुन्हा पळतं. बल्ब सोडला की परत तेच.

कुडाळच्या मिस्त्रीने कार्बोरेटर उघडून साफ केला, दोन्ही प्लग नवे टाकले. फरक शून्य. काल प्लग काढून पाहिले: खालचा ओला आणि काळा, वरचा कोरडा, फिकट. तेल लिटरला २० मिली घालतो, म्हणजे ५०ला १. आता मिस्त्री म्हणतोय प्लगला ठिणगी देणारी कॉइल गेली. कॉइल महाग आहे, म्हणून आधी इथे विचारतोय.

मालवणी_झिल

अरे, आधी टाकीच्या झाकणावरचो हवेचो स्क्रू बघ. माझ्या भावान अख्खो दिवस कार्बोरेटर खोललो नि जोडलो, आणि स्क्रू बंद होतो. हसू नको, दर वर्षी कोणतरी ह्याच करता.

कर्लीकाठ

स्क्रू उघडाच असतो दादा. झाकण पूर्ण काढून ठेवूनही चालवून बघितलं, तसंच बंद पडलं. टाकीत हवा ओढल्याचा 'फुस्स' आवाजही येत नाही.

भरतीओहोटी

कॉइलच असणार. गरम झाली की ठिणगी कमी पडते, थंड झाली की बरी. पाच-सात मिनिटांनी मरतं हे कॉइलचं ठरलेलं लक्षण. खालचा प्लग ओला म्हणजे तिथे पेट्रोल जळतच नाहीये. माझ्या मते मिस्त्री बरोबर आहे.

जुना_स्पॅनर

कॉइल बल्ब दाबल्याने बरी होत नाही हो.

कर्लीकाठ, तू सगळ्यात महत्त्वाची गोष्ट दोन ओळींत सांगून टाकलीस आणि पुढे गेलास. मस्कतला बोटयार्डात माझी बरीच वर्षं गेली, तिथे पहिला नियम होता: मरायला लागलेल्या मशीनचा बल्ब दाबा. जीव आला, तर भांडण पेट्रोल पोचण्याचं आहे. ठिणगीकडे नंतर बघू. आणि बल्ब दाबून मशीन पूर्ण रेसला पळतं, याचा अर्थ कार्बोरेटरचा मोठा जेटही मोकळा आहे. जेट बुजलेला असता तर तू कितीही दाबलंस तरी त्या भोकातून जास्त पेट्रोल गेलं नसतं. तेव्हा कार्बोरेटर परत उघडू नका.

आता वेळेचा हिशेब बघ. २५ एचपीचं दोन-स्ट्रोक पूर्ण रेसला तासाला ढोबळ दहा-बारा लिटर पितं. दहा धरले तरी मिनिटाला दीडशे मिलीच्या वर. कार्बोरेटरच्या वाटीत असून असून किती असणार, पन्नास-साठ मिली? पुरवठा साफ तुटला असता तर अर्ध्या मिनिटात मशीन आडवं झालं असतं. तुझं पाच-सात मिनिटं पळतं. म्हणजे पेट्रोल येतंय, पण खर्चापेक्षा थोडं कमी. हळू चालवताना खर्चच नगण्य, म्हणून तिथे काही कळत नाही.

बंद पडता पडता बल्बकडे बघ. तीन शक्यता आहेत. चपटा होऊन आत ओढला गेला असेल, तर अडथळा बल्बच्या मागे, टाकीकडे आहे. फुगीर पण मऊ असेल, तर हवा शिरतेय किंवा पुढचा पंप ओढत नाहीये. दगडासारखा घट्ट असेल, तर अडथळा पुढे आहे, इंजिनातल्या फिल्टरला किंवा कार्बोरेटरच्या निडलला, म्हणजे वाटीत पेट्रोल सोडणाऱ्या सुईला.

आणि एक तंबी. हे शोधताना पूर्ण रेसला उगाच पळवत बसू नकोस. दोन-स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलातूनच जातं. पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी आणि वर उष्णता जास्त. पिस्टन धरला तर कॉइलची किंमत स्वस्त वाटेल. तो वरचा फिकट प्लग मला आवडलेला नाही.

कर्लीकाठ

धन्यवाद काका. आज भावाला मागे बसवून बघितलं. बंद पडताना बल्ब चपटा होत नाही. मऊ असतो, नुसता ढिला.

तापोळा_बोट

आमच्याकडे शिवसागरात, म्हणजे कोयनेच्या जलाशयात, गोडं पाणी, तरी हाच त्रास होतो. पाइपाच्या टोकाच्या कनेक्टरमधली ओ-रिंग (रबरी कडी) बघा. पेट्रोल बाहेर गळत नाही, पण ओढताना हवा आत येते. बाहेरून काही दिसत नाही, हीच गोची. आम्ही बल्ब आणि इंजिनाच्या मधे वीतभर पारदर्शक नळी घालून बघतो, बुडबुडे लगेच दिसतात. तपासणीपुरतीच हं, ती नळी कायम ठेवू नका, पेट्रोलने कडक होऊन तडकते.

जुना_स्पॅनर

तापोळाकरांचं बरोबर. पण त्याहून सोपं म्हणजे शेजाऱ्याची टाकी पाइपासकट माग. दुसऱ्याची चालती टाकी, पाइप, बल्ब, कनेक्टर सगळं एकदम लावायचं. फरक पडला तर दोष मागच्या अर्ध्यात, नाही पडला तर इंजिनाच्या अंगावर. एका फेरीत अर्धं रान साफ. कनेक्टर मात्र त्याच जातीचा हवा, कंपनीप्रमाणे ते बदलतात.

भरतीओहोटी

बल्बचा मुद्दा मान्य. पण मग खालचा प्लग ओला का? पेट्रोल कमी पडत असेल तर दोन्ही प्लग कोरडे हवेत. कार्बोरेटर एकच आहे. हे कोडं सोडवल्याशिवाय मी कॉइल सोडणार नाही.

जुना_स्पॅनर

प्रश्न अगदी योग्य आहे, आणि त्याचं उत्तर माझ्या डोक्यात आहे. पण आधी टाकीचा निकाल येऊ दे. कर्लीकाठ, एक काम कर. इंजिनाच्या बाजूला, ब्लॉकला दोन बोल्टांनी लावलेला चौकोनी पेट्रोल पंप असेल. तो वरच्या सिलिंडरच्या बाजूला आहे की खालच्या, तेवढं सांग. आणि दोन्ही प्लगची जागा आपसात बदल.

परीक्षानळी

मी यंत्रातली नाही, रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे वेगळाच प्रश्न: पावसाळ्यात टाकीत जुनं पेट्रोल राहिलं होतं का? आणि ते कधीचं?

कर्लीकाठ

मॅडम, टाकीत थोडं होतं, त्यातच नवीन भरलं. कार्बोरेटरमध्ये आणि पाइपात मे महिन्यातलं तसंच होतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यानंतरही समुद्र खवळलेला, त्यामुळे मशीन गणपती होईपर्यंत पडवीतच होतं.

परीक्षानळी

मग थोडं सविस्तर लिहिते.

आपल्या पंपांवरच्या पेट्रोलात इथेनॉल असतं. देशाने १० टक्क्यांचा टप्पा जून २०२२ मध्ये गाठला, २० टक्केवालं पेट्रोल फेब्रुवारी २०२३ पासून टप्प्याटप्प्याने आलं. इथेनॉल वाईटच असं मी म्हणत नाही. रोज वापरातल्या मोटारसायकलला पेट्रोल साठवून ठेवायची वेळच येत नाही. पण होडीची टाकी हवेला उघडी, कोकणातली दमट हवा आणि महिनोन् महिने उभं राहणं, हे तिन्ही एकत्र आलं की इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. पाणी एका मर्यादेपर्यंत पेट्रोलात विरघळलेलं राहतं. मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळे होतात आणि जड म्हणून तळाशी बसतात.

आता दोन-स्ट्रोकवाल्यांनी नीट वाचा. तुम्ही घातलेलं तेल वरच्या पेट्रोलात राहतं, खालच्या पाणी-इथेनॉलच्या थरात जवळजवळ नाहीच. आणि टाकीतली ओढनळी तळापर्यंत असते. म्हणजे इंजिनात पहिल्यांदा जातो तो बिनतेलाचा थर. असं वेगळं झालेलं पेट्रोल हलवून पुन्हा पूर्ववत होत नाही. ते इंजिनात वापरायचंच नाही.

घरी तपासायचं असेल तर १०० मिलीचं मोजपात्र घ्या, शाळेच्या प्रयोगशाळेत असतं. २० मिली पाणी, त्यावर तेल न मिसळलेलं ८० मिली पेट्रोल. तोंड बंद करून हलवा, मधे एकदा झाकण उघडून वाफ सोडा, मग दहा मिनिटं ठेवा. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरतं, खालचा थर वाढतो. जेवढा वाढला तेवढं इथेनॉल, ढोबळ मानाने. २०चा ३५ झाला तर ८०त १५, म्हणजे एकोणीस टक्क्यांच्या आसपास. मोकळ्या हवेत करा, जवळपास चूल, विडी काही नको.

मालवणी_झिल

मॅडम, तुमी शाळेत असतास तर आमी पास झालो असतो.

नवखा_खलाशी

अवांतर: मोटारसायकलचं टू-टी तेल चालतं का? खूप स्वस्त मिळतं.

जुना_स्पॅनर

चालतं, पण चालवू नये. मोटारसायकलचं तेल हवेने थंड होणाऱ्या, जास्त गरम चालणाऱ्या इंजिनासाठी. त्यात राख होणारी द्रव्यं असतात. आउटबोर्ड समुद्राच्या पाण्याने थंड होतं, त्याला बिनराखेचं लागतं. डब्यावर 'टीसी-डब्ल्यू-३' लिहिलेलं बघून घे. तेल मोजून घालायचं. अंदाजपंचे धारेने दोन्हीकडून नुकसान.

कर्लीकाठ

निकाल:

शेजाऱ्यांची टाकी, पाइप, बल्ब सगळं लावलं. फरक नाही. त्याच वेळाने, तसंच बंद.

प्लग अदलाबदल केले. पुन्हा खालचाच ओला, वरचा कोरडा. ठिणगी दोन्हींवर निळी, कडक दिसते.

पंप खालच्या सिलिंडरच्या बाजूला आहे.

पेट्रोलची चाचणीही केली. खालचा थर ३५च्या थोडा खाली थांबला. जुन्या टाकीतलं पेट्रोल बाटलीत काढलं तर तळाशी गढूळ थर दिसतो, बोटभर नाही पण आहे.

जुना_स्पॅनर

भरतीओहोटी, हे घ्या तुमचं कोडं.

या पंपाला ना कॅम, ना वीज. पिस्टन मागेपुढे होतो तसा त्याच्या मागच्या क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकच्या बंद कप्प्यात, दाब कमीजास्त होतो. तो दाब एका छोट्या भोकातून पंपाच्या डायफ्रामच्या (पातळ लवचीक पडद्याच्या) एका बाजूला पोचतो. डायफ्राम मागेपुढे हलतो, दुसऱ्या बाजूने पेट्रोल ओढतो आणि कार्बोरेटरकडे ढकलतो. इतकंच. यामाहा घ्या, सुझुकी घ्या, जुन्या दोन-स्ट्रोकमध्ये तत्त्व हेच.

आता त्या डायफ्रामला बारीक भोक पडलं किंवा तो तडकला, तर दोन गोष्टी एकाच वेळी होतात. पंपाचा जोर कमी होतो, म्हणून पूर्ण रेसला वाटी रिकामी होत जाते. आणि थोडं पेट्रोल त्या भोकातून उलटं, दाबाच्या वाटेने थेट क्रँककेसमध्ये शिरतं. कुठल्या? ज्या सिलिंडरवर पंप बसलाय त्याच्या. म्हणजे खालच्या. म्हणून खालचा प्लग ओला, वरचा उपाशी. धीम्या रेसला धूर आणि लडबड का, त्याचंही उत्तर हेच.

दुसऱ्याच्या टाकीने फरक नाही, म्हणजे दोष इंजिनावर. जेट मोकळा. प्लग बदलूनही ओल खालीच, म्हणजे प्लग निर्दोष. मधे उरतो पंप आणि त्याच्या आधीचा छोटा फिल्टर. फिल्टरची वाटी काढून बघ, साफ असेल तर पंप उतरव. उतरवल्यावर ब्लॉकला जे दाबाचं भोक दिसेल तिथे बोट लाव. कोरडं किंवा तेलकट असायला हवं. पेट्रोलने ओलं असेल तर निकाल लागला.

भरतीओहोटी

कॉइल सोडली. :) हे स्पष्टीकरण वाचनखूण करून ठेवतोय.

तापोळा_बोट

पंप उघडताना मोबाइलवर प्रत्येक थराचा फोटो काढा. डायफ्राम, गॅसकेट, झडपांच्या पातळ पट्ट्या, सगळं एकावर एक असतं आणि उलटं बसवलं तरी बोल्ट मुकाट्याने आवळले जातात.

कर्लीकाठ

काका, भोक ओलं होतं. बोटाला पेट्रोलचा वास.

पंप उघडला. डायफ्राम हातात घेतला तर कागदासारखा कडक, लाटा आलेल्या, आणि एका कडेला घडीवर चीर. उजेडात धरल्यावरच दिसली. फिल्टरमध्ये काळी कणी होती, म्हणून बल्बच्या पुढचा पाइप चिरून बघितला. आतल्या बाजूने रबर सुटतंय, नखाने खरवडलं तर निघतं.

पंपाच्या दुरुस्तीचं किट इथे मिळालं नाही, मागवलंय. मिस्त्री म्हणतो तोवर ट्यूबच्या रबराचा कापून लावू. लावू का?

जुना_स्पॅनर

नको. ट्यूबचं रबर पेट्रोलात फुगतं. दोन दिवस छान वाटेल, मग भर खाडीत, ओहोटीला, कर्लीच्या मुखाशी मशीन बंद पडेल. तिथला ओढा तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पेट्रोलच्या जोडांना सिलिकॉन, एपॉक्सी असलं काही फासू नका. त्याचे तुकडे सुटून निडलमध्ये जाऊन बसतात.

किट येईपर्यंत पाइप आणि बल्ब नवे घे. आतून सुटणारा पाइप ठेवून नवा पंप लावणं म्हणजे पैसे वाया. पाइपावर इथेनॉल चालतं असं लिहिलेलं बघ. बल्बवरचा बाण इंजिनाकडे. पहिल्यांदा भरताना बल्ब उभा धर, बाण वर, मग आतल्या झडपा नीट बसतात. आडवा धरून शंभरदा दाबलास तरी कधी कधी घट्ट होत नाही.

कोल्हापुरी_लेथ

इथे पहिल्यांदाच लिहितोय. कनेक्टरच्या ओ-रिंगा साध्या काळ्या नायट्राइलच्या घेऊ नका, व्हायटॉनच्या मागा. शिवाजी उद्यमनगरात ऑइल सीलच्या दुकानांत मापावर मिळतात, जुनी रिंग घेऊन जायचं. दर जास्त, पण नगाला किती जास्त होणार?

परीक्षानळी

डायफ्राम कडक का झाला याबद्दल एक भर. जुनं रबर इथेनॉलच्या पेट्रोलात थोडं फुगतं आणि त्यातली मऊपणा देणारी द्रव्यं हळूहळू निघून जातात. मग पावसाळ्यात पंप कोरडा पडला की ते आकसतं आणि ताठ होतं. म्हणून असे बरेचसे दोष वापरात असताना दिसत नाहीत, लांब विश्रांतीनंतर दिसतात. वयही आहेच म्हणा. सगळं इथेनॉलच्या माथी मारणं बरोबर नाही.

मालवणी_झिल

वीस-पंचवीस वर्सा चल्लो तो डायफ्राम, अजून काय व्हया?

कर्लीकाठ

किट आलं, बसवलं. नवा पाइप, नवा बल्ब, व्हायटॉनची रिंग. जुनं पेट्रोल सगळं उपसलं, टाकी ताज्या पेट्रोलने खळबळून घेतली. धक्क्याला बांधून गिअरमध्ये आधी बघितलं, मग खाडीत. पूर्ण रेसला तारकर्लीपर्यंत जाऊन आलो, एकदाही दम तोडला नाही. दोन्ही प्लग आता सारखे, तपकिरी.

एक नवीनच गंमत: धीम्या रेसला आता बंद पडतं. चोक अर्धा ओढला तर राहतं. आधी हे नव्हतं.

जुना_स्पॅनर

होणारच होतं. खालच्या सिलिंडरला फुकटचं पेट्रोल मिळत होतं तेव्हा कुणीतरी धीम्या रेसचा स्क्रू फिरवून मिश्रण पातळ करून ठेवलं असणार, धूर कमी दिसावा म्हणून. आता गळती थांबली आणि पातळ केलेलं उघडं पडलं. चोक ओढल्यावर राहतं म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त.

तो कार्बोरेटरच्या अंगावरचा स्प्रिंगवाला छोटा स्क्रू. आधी किती फेरे बाहेर आहे ते मोजून लिहून ठेव. मग हलक्या हाताने टेकेपर्यंत आत ने. आवळू नको, टोक बोथट झालं की कार्बोरेटर गेला. तिथून दीड फेरा बाहेर काढ, बहुतेक मशीनला सुरुवात तिथून करतात. गरम मशीनवर, गिअरमध्ये, पाव-पाव फेरा करत बघ. या जातीत तो बहुधा हवेचा स्क्रू असतो, आत नेला की मिश्रण दाट होतं. थोडं दाटकडे ठेवलंस तर हरकत नाही, पातळकडे कधीच नको.

तरीही जमलं नाही तर बारीक जेट बुजलाय. तो काढून फुंकायचा, फार तर तांब्याच्या वायरीचा एक धागा. पोलादी तार घालू नको, जेट पितळेचा, भोक मोठं झालं तर परत लहान होत नाही.

कर्लीकाठ

स्क्रू जवळजवळ तीन फेरे बाहेर होता! दीडवर आणला, मग पाव फेरा आत. चोकशिवाय राहतंय. कॉइलचे पैसे वाचले, त्यात पाइप आणि किट दोन्ही येऊन वर उरले. काका, देवबागला आलात तर मासे आमच्याकडे.

नवखा_खलाशी

पुढच्या मेमध्ये मशीन ठेवताना काय करायचं ते एकदा लिहाल का?

जुना_स्पॅनर

गोड्या पाण्यात चालू ठेवून पेट्रोलचा पाइप काढायचा आणि आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यायचं. बंद पडलं तरी वाटीच्या तळाशी थोडं राहतं, ते खालचा स्क्रू काढून सांडून घ्यायचं. टाकी रिकामी करायची, ते पेट्रोल लगेच दुसऱ्या दोन-स्ट्रोकमध्ये संपवायचं. प्लगच्या भोकातून थोडं तेल, दोरी सावकाश दोनदा ओढायची. पाइप टाकीत गुंडाळून न ठेवता सावलीत टांगायचा.

तापोळा_बोट

काका, या धाग्यावरून माझंही एक मशीन काढलं. पण माझा बल्ब बंद पडताना चपटा होतो, आणि टाकीचं झाकण उघडलं तरी तसाच राहतो. पंप उघडू का?

जुना_स्पॅनर

पंपाला हात लावू नका. चपटा म्हणजे पंप चांगला ओढतोय, मागून येत नाहीये. टाकीतली ओढनळी बाहेर काढा, तिच्या टोकाची जाळी बघा. तिथे साफ असेल तर बल्बच्या मागचा पाइप वाकवून बघा, आतून सुटलेलं रबर झडपेसारखं वाट अडवतं. आणि नवा धागा काढा, दोन मशीन एकाच धाग्यात आली की पुढे वाचणाऱ्याचा गोंधळ होतो.